शहागडच्या पुलावरचा फोटो

मेसेज आला तेव्हा मी जालन्यात,
सळईच्या कारखान्याबाहेर, रांगेत एकोणिसावा.
कसूर : सीटबेल्ट नाही. दंड : एक हजार.
ठिकाण : शहागड, गोदावरीचा पूल.
वेळ : पहाटे पाच अठ्ठावन्न.

पट्टा होता.
देवाची नाही, स्टेअरिंगची शपथ घेतो, पट्टा होता.
उन्हानं विटून तो खाकी झालाय, शर्टही खाकी,
मशीनला कसं कळावं
कुठं मी संपतो अन् कुठं पट्टा.

दस्तगीर म्हणला, भरू नको.
एकदा भरलं की मशीनला चव लागती.
त्याला ब्याण्णवच्या स्पीडचं चलान आलं होतं
मांजरसुंब्याच्या चढावर, एकवीस टन भरून.
तिथं त्याची गाडी अशी चढती
की क्लीनर उतरून, लघवी करून, पळत येऊन परत बसतो.
तो भांडला. चार तारखा, चार खेपा बुडाल्या,
शेवटी माफ झालं.
त्या कागदाला लॅमिनेशन करून
काचेला आतून लावलंय त्यानं, लिंबू-मिरचीच्या शेजारी.

गुट्टेमामा म्हणले, येड्या, हिशोब कर.
अंबडला एक तारीख म्हंजे एक दिवस,
दिवस म्हंजे भत्ता गेला, वर वकिलाचा चहा.
लोकअदालतीत पाचशेत मिटतंय, मिटव.

पाचशे म्हंजे अर्धं.
अर्धं भरून काय कबूल करायचं, मामा?
अर्धा पट्टा लावला होता म्हणून?
मामा हसले. म्हणले, कोर्टात बोलशील तू.
शेठच्या पोराला फोन लावला, तर तो म्हणला,
दंड तुझ्याच पगारातून, तेव्हा तूच ठरव.

ठरवलं. भांडायचं.
दस्तगीरनं फोटो दोन बोटांनी मोठा केला,
खांद्यापाशी. हे बघ, म्हणला, कडा.
दिसत होती. बारीक, पण दिसत होती.
रांगेतले सहा-सात जण जमले,
कुणीतरी म्हणलं, केस खलास, मुंजाजी, चहा सांग.
सांगितला.

रात्री केबिनमध्ये एकटा होतो.
परत फोटो उघडला, कडा बघायला.
बोट थोडं वर सरकलं.

डोळे मिटलेले होते.
माझे.
दोन्ही.

पापणी लवली असंल.
माणसाची पापणी दिवसात किती वेळा लवती,
मशीनला काय ठावं.
पण तोंडही जरा उघडं होतं,
दिवाळीत दुपारी बाजेवर पडलो होतो
अन् लेकीनं गुपचूप फोटो काढला होता,
त्यात आहे तसं.

पुलाला किती खांब आहेत, कधी मोजले नव्हते.
आता मोजतो. मधेच चुकतो.
मधले काही आठवतच नाहीत.
खाली त्या दिवशी पाणी होतं का नुसती वाळू,
तेही नाही.

जजसाहेबांपुढं हाच फोटो ठेवावा लागंल. मोठा करून.
म्हणावं लागंल, साहेब, खांद्याकडं बघा,
फक्त खांद्याकडं.

शनिवारी अंबडला गेलो, पाचशे मोजले.
टेबलावरची बाई म्हणली, काही म्हणायचंय?
मी म्हणलं, नाही.
पावतीवर कसूर तोच राहिला, सीटबेल्ट.
दस्तगीर त्यानंतर आठ दिवस बोलला नाही.
कुणापाशी तरी म्हणला म्हणं,
मुंजाजीला वाटलं होतं तेवढा दम नाही.

आता शहागडच्या अलीकडं, वडीगोद्रीला,
गाडी बाजूला घेतो. वीस मिनटं.
मागून येणारे हॉर्न मारून जातात,
त्यातला एक हॉर्न मी ओळखतो.
कधी डोळा लागतो, कधी नाही लागत.
पट्टा सोडत नाही.